टेस्ट एकच हवी

सी शिकवताना क्यू बहुधा दोनदा लिहून घेतात, एकदा अ‍ॅरेवर आणि एकदा लिंक्ड लिस्टवर. मग टेस्ट फाइलचीही सर्रास दुसरी प्रत निघते. समर्थन असे, की अ‍ॅरे भरतो, लिस्ट भरत नाही. स्वभावच वेगळे, तर टेस्टही वेगळ्या असाव्यात. मला हे साफ अमान्य आहे.

प्रत निघाली की पहिल्याच दुरुस्तीला दोन फाइलींची फारकत होते. चार घरांच्या अ‍ॅरेत तीन घटक घाला, दोन काढा, पुन्हा तीन घाला. मागचा निर्देशांक वळसा घेऊन पुढच्याला गाठतो आणि कच्चा कोड भरलेल्या क्यूला रिकामी ठरवतो. लिस्टमधली चूक निराळी: शेवटचा नोड काढल्यावर मागचा पॉइंटर मोकळ्या केलेल्या मेमरीकडेच बोट दाखवत राहतो आणि पुढचा घटक घालताना सगळे कोसळते. प्रती वेगळ्या ठेवल्या की पहिली तपासणी अ‍ॅरेच्या वाट्याला जाते, दुसरी लिस्टच्या. दोन्ही दोन्हींवर का चालवू नयेत? वापरणाऱ्याला दोन्हींकडून हवे असते ते एकच: आधी आलेला आधी बाहेर.

अ‍ॅरे भरतो हे खरेच, पण त्याची सोय हेडरमध्ये करायची. क्यू बनवताना किमान क्षमता मागावी आणि घालणाऱ्या फंक्शनने अपयश कळवावे. मेमरी संपली तर लिस्टलाही हेच कळवावे लागते.

दुसरा पंथ फाइल एकच ठेवतो, पण आत प्रीप्रोसेसरच्या अटी पेरतो. कंपाइलरपुढे मग दर वेळी वेगळा मजकूर जातो. या एका फाइलीत कोंबलेल्या दोन टेस्टच झाल्या.

खरा मार्ग सरळ आहे. हेडरमध्ये क्यूच्या स्ट्रक्चरचे फक्त नाव जाहीर करावे, आतले काही उघडे करू नये; व्यवहार सगळा पॉइंटरवर. टेस्टला स्ट्रक्चरचा आकार लागत नाही, म्हणून तिची ऑब्जेक्ट फाइल एकदाच बनते आणि तीच दोन्हीकडे लिंक होते. मेकफाइलमध्ये एक पॅटर्न नियम पुरतो: डावीकडे ‘टेस्ट_%’, उजवीकडे टेस्टची आणि ‘क्यू_%’ची ऑब्जेक्ट फाइल, खालच्या ओळीत टॅब देऊन ‘$^’ लिंक करून ‘$@’ बनवण्याची आज्ञा. तिसरे इम्प्लिमेंटेशन आले तर मेकफाइलमधल्या टेस्टच्या यादीत एक नाव वाढते.

एवढ्यासाठी मेकफाइल कशाला, कमांड हाताने देऊ, असे म्हणणाऱ्यांनी मेकचा जन्म आठवावा. बेल लॅब्जमध्ये एक सहकारी दुरुस्ती केल्यावरही जुनाच प्रोग्राम तपासत बसला, कारण बदललेली फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती. त्यातून स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये मेक लिहिले. आपल्याकडे हा धोका अधिक आहे. सीचा लिंकर फंक्शनची नावे जुळवतो, आर्ग्युमेंटचे टाइप पाहत नाही. हेडर बदलले आणि टेस्टची ऑब्जेक्ट फाइल जुनीच राहिली, तरी लिंक बिनबोभाट होते. म्हणून सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींचे हेडरवरचे अवलंबन मेकफाइलमध्ये लिहायलाच हवे, आणि प्रत्येक इम्प्लिमेंटेशनने तेच हेडर इन्क्लूड करायला हवे, म्हणजे विसंगती कंपाइलरच पकडतो.

आतल्या रचनेची तपासणी हवी असेल तर तिला स्वतंत्र फाइल द्यावी. सामाईक टेस्टमध्ये ती घुसवू नये. मेकला ‘के’चा पर्याय दिला की एक टेस्ट पडली तरी दुसरी चालते. लिस्ट पास आणि अ‍ॅरे वळशावर नापास असे दिसले, की आधी कुठली फाइल उघडायची ते लगेच कळते.