सक्तीची दुरुस्ती आणि निष्ठेचा वाद

‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पुढील वर्षभर सुरक्षेच्या दुरुस्त्या युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना विनामूल्य, तर इतरत्र ३० डॉलर भरून अथवा कंपनीच्या काही अटी मान्य करून मिळतील, असे तिने जाहीर केले. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी सुरळीत चालणारे असंख्य संगणक एका तारखेने ‘जुने’ ठरले, आणि विंडोज, मॅक व लिनक्स यांच्या कैवाऱ्यांतील भांडणास पुन्हा ऊत आला.

या वादात अपडेटची सक्ती म्हणजे निव्वळ जुलूम, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याने २०१७ सालचे ‘वॉनाक्राय’ प्रकरण आठवावे. ज्या छिद्रातून हा उपद्रव शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च रोजीच उपलब्ध झाली होती. ती न बसविलेले दोन लाखांहून अधिक संगणक १२ मेपासून दीडशेवर देशांत अडकले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना परत पाठविण्याची वेळ आली. एकाच्या आळसाची किंमत दुसऱ्याने मोजावी, अशा ठिकाणी व्यक्तीच्या मर्जीवर सारे सोपविता येत नाही. देवीच्या लसीबाबत हे समाजाने केव्हाच मान्य केले आहे.

तथापि लस टोचताना कोणी घरातील सामान हलवीत नाही. येथे नेमके तेच घडते. सुरक्षेची दुरुस्ती, नवी सजावट, जाहिराती आणि नव्या प्रणालीचा आग्रह हे सारे एकाच गाठोड्यात बांधून येते. २०१६ मध्ये तर ‘विंडोज १०’च्या सूचनेवरील फुलीचे बटण दाबणे म्हणजे नकार नव्हे, संमती, असा अर्थ कंपनीने लावला होता! ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काहींच्या फायली पुसल्या आणि वितरण थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. अ‍ॅपलचे अनुयायी या यादीकडे पाहून हसत असतील, तर त्यांच्या कंपनीने अपडेटद्वारे जुन्या आयफोनची गती घटविल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते, आणि ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंडही भरला होता, हे विसरता कामा नये.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा ही सोडून जाण्यास विलंब लावते आणि त्यामुळे आवाजाला अवसर मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रणालींच्या भांडणात मात्र निष्ठावंतांचा आवाज उठतो तो कंपनीविरुद्ध नव्हे, शेजाऱ्याविरुद्ध. शिवाय ज्याला निष्ठा म्हणतात ती पुष्कळदा निव्वळ अडकलेपण असते. मराठी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले वर्षानुवर्षांचे दप्तर पडून आहे. ते उघडणारी साधने बहुतांशी विंडोजवरची. तेथील लिपिकास ‘लिनक्स फुकट आहे, तेच घ्या’ असे सांगणे सोपे. दप्तराच्या रूपांतराचा खर्च कोणी सांगत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली खरी, पण त्यामागे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची दीर्घकालीन योजना होती.

आवाज कंपनीकडे वळला तेव्हा त्याचा उपयोगही झाला आहे. २०१५ मध्ये घरगुती आवृत्तीत अपडेट लांबणीवर टाकण्याची जवळजवळ सोयच नव्हती. २०१९ मध्ये ती ३५ दिवसांपर्यंत मिळाली. युरोपीय संघाने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याच्या २०२४ च्या सायबर प्रतिकारक्षमता कायद्यानुसार, तांत्रिकदृष्ट्या शक्य तेथे सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्या सोयींपासून वेगळ्या द्याव्या लागतील; मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. भारतात अशा कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. राज्य सरकारे, विद्यापीठे आणि बँका हे घाऊक ग्राहक आहेत. दुरुस्ती किती वर्षे आणि कोणत्या दराने मिळेल, हे कलम खरेदीच्या निविदेतच घालणे त्यांच्या हाती आहे.