गाडीतला मूळ दिवा कोणता?

बीदर, भालकी, बसवकल्याण आणि इकडे कलबुर्गी-आळंदच्या बाजूला अजून कुणाच्या वाड्यात, कुणाच्या शेतातल्या शेडखाली एखादी जुनी ॲम्बॅसेडर, फियाट किंवा जीप उभी असते. अलीकडे ती नीट करून पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाढली आहे, आणि सरकारनेही तिला वाट करून दिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे होऊन गेलेल्या गाडीला आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, आणि ती १० वर्षे चालते. अट अशी की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

आतल्या दिव्याबद्दल नियम गप्प आहे. तपासणारा कुणी नाही म्हटल्यावर काय होते ते आपण पाहतोच. बाहेरून १९६४ ची गाडी, आणि दार उघडले की छताला निळी एलईडी पट्टी! आम्हाला हे पटत नाही. गाडीच्या मालकाला आपल्या पैशाने काहीही करण्याचा हक्क आहे, हे मान्य. पण मग तिला ‘मूळ रूपात आणली’ म्हणू नये.

मूळ दिवा कोणता होता हे ठरवणे मात्र वाटते तितके सोपे नाही. ॲम्बॅसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरची गाडी. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत ती जवळजवळ त्याच अंगाने निघत राहिली. त्यामुळे कितीतरी नंतरच्या गाडीचा रूफ लाइट आधीच्या गाडीला आणून लावता येतो. मिस्त्री म्हणतात, “साब, बराबर बैठता.” बसतो, खरेच. पण बसतो म्हणून तो त्याच गाडीचा ठरत नाही. हैदराबादच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलेल्या दिव्याचेही तेच. तो जुना असेल, पण या गाडीचा असेलच असे नाही.

म्हणून आधी गाडीलाच विचारावे. छताचे अस्तर फाडून फेकण्याआधी त्याचे फोटो काढावेत. दिव्याभोवती कापडाचा न विटलेला डाग किती आकाराचा आहे ते मोजावे. आतल्या पत्र्यावरची भोके नीट पाहावीत. कारखान्यात पाडलेल्या भोकाच्या कडेवर गाडीचा पहिला रंग चढलेला असतो, तर नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड उघडी, गंजलेली आणि बऱ्याचदा खरबरीत असते. दिव्याची काच पिवळी दिसली तरी तो रंग मूळचा समजू नये. रिंगखाली झाकलेली कड पाहावी, तिथे ऊन पोचलेले नसते. वायरही बोलते. जुन्या वायरींवर सुती विणीचे वेष्टन असे. ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत रंगांचा संकेत ठरलेला होता: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, पांढरी म्हणजे चावीनंतरची, काळी म्हणजे अर्थिंग, आणि डॅशबोर्डच्या दिव्यांना लाल-पांढरी. भलत्याच रंगाची प्लास्टिकची वायर छताकडे चढलेली दिसली, तर कुणीतरी नंतर हात घातला आहे असे समजावे. एवढे झाल्यावर त्या सालाचे माहितीपुस्तक आणि सुट्या भागांचा कॅटलॉग उघडावा, आणि घरातले लग्नाचे जुने फोटोही काढावेत. लूकच्या शुभवर्तमानातली ती स्त्री नाणे शोधताना आधी घर झाडते. नवे नाणे आणायला ती बाजारात जात नाही.

आमच्या ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबात यावरून बराच वाद झाला. आत्याबाई ठामपणे सांगत, “मागचं दार उघडलं की दिवा आपोआप लागायचा. मी लहानपणी रोज बघितलंय.” भाच्याने तसे बटण बसवायला घेतले. पण मागच्या दाराच्या खांबावर बटणाचे भोकच निघाले नाही. खांबाचा पहिला रंग अखंड होता, आणि वायरही तिकडे गेलेली नव्हती. दिव्याच्या अंगावरचा छोटा खटका तेवढा होता, आणि तो बोटांनी झिजून गुळगुळीत झाला होता. म्हणजे मुलगी दारापाशी आली की तिचे वडील पुढच्या सीटवरून मागे हात करून दिवा लावत असत. आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बटण नको लावू रे.”

सगळ्यांच्या आठवणी अशा उलगडतीलच असे नाही. पण भोक पाडून मोकळे झाल्यावर हे कळायला मार्ग उरत नाही.

जीपवाल्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. युद्धकाळातल्या विलिस जीपमध्ये छताचा दिवाच नव्हता. छत म्हणजे ताडपत्री, आणि उजेड तेवढा डॅशबोर्डवरच्या मीटरपुरता. तिथे दिवा नसणे हेच मूळ आहे. रात्री काही शोधायचे असेल तर बॅटरी जवळ ठेवावी. त्या जीपची वीजही ६ व्होल्टची. १२ व्होल्टचा बल्ब तिथे मिणमिणतो. शिवाय त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू अर्थला जोडलेली असे, आणि बरेच एलईडी उलटे जोडले की पेटतच नाहीत.

एका बाबतीत मात्र आम्ही मूळपणाचा हट्ट धरणार नाही. सुती वेष्टन कुजलेली वायर तशीच ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. ती बदलावी, रंग तेच ठेवावेत, फ्यूज टाकावा. बल्ब मात्र जुन्या पद्धतीचाच असावा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीचा, साधारण ५ वॉटचा. त्याचा पिवळसर उजेड कमी वाटेल. पण रेक्झिनचा तो लालसर-तपकिरी रंग त्याच उजेडात बघायचा असतो, पांढऱ्या एलईडीखाली तो मेल्यासारखा दिसतो. आमच्या बीदरच्या कारागिरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. बिदरीचे जुने भांडे घासून चकचकीत केले की त्याचा काळा रंगच जातो.

ज्यांच्या घरी १९७० च्या आधीच्या गाडीचे माहितीपुस्तक, कॅटलॉग किंवा आतून काढलेला एखादा फोटो असेल, त्यांनी रविवारी उपासनेनंतर आम्हाला अवश्य भेटावे. दोन गाड्यांची अस्तरे अजून बसवायची आहेत.