स्थानक झाले, वस्ती केव्हा?

बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावू लागली. जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी गाडी उरणला पोहोचली. स्थानकांभोवती उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि 'परिवहनाधिष्ठित विकास' हा शब्द नियोजनकारांच्या तोंडी रुळला आहे. रूळ टाकले की वस्ती आपोआप नांदू लागते, असा समज त्यामागे आहे. नव्या मुंबईचा अर्धशतकाचा अनुभव मात्र निराळा आहे.

मुंबईची वाढ दक्षिणेकडे कोंडू न देता खाडीपलीकडे न्यावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठोत्तरी दशकाच्या मध्यास मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि १९७३ साली खाडीपूल खुला झाला. ज्या रेल्वेच्या आधारावर उपनगरांची माळ गुंफायची होती, ती वाशीला आली १९९२ साली! मधली जवळजवळ दोन दशके या नगराने एस.टी.च्या आणि बेस्टच्या भरवशावर काढली. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे जातील ही अपेक्षाही फोल ठरली. नरिमन पॉइंटचे मनोरे वाढतच राहिले. वाशीत पहिली खरी वर्दळ आणली ती मुंबईहून हलवलेल्या घाऊक बाजाराने. कांदाबटाट्याच्या गोणींबरोबर माथाडी आले, टेम्पोवाले आले, त्यांच्यामागोमाग चहाच्या टपऱ्या आणि खाणावळी आल्या. वस्तीला प्राण देतो तो तेथे मिळणारा रोजगार. गाडी त्या रोजगाराला बळ देते, त्याची जागा घेत नाही.

रेल्वेच्या खर्चाची वाटणी येथे लक्षात घेण्याजोगी आहे. या मार्गांच्या खर्चापैकी ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलावे असे ठरले. स्थानक झाले की भोवतालच्या जमिनीचे मोल वाढते. ही वाढ कोणा एका मालकाच्या श्रमाची नव्हे, समाजाच्या गुंतवणुकीची असते. तेव्हा ती सार्वजनिक कामी लावणे हे तत्त्व निःसंशय योग्य आहे. परंतु जमीन विकूनच रेल्वे उभारायची म्हटले, की जमीन चढ्या भावाने विकणे हाच संस्थेचा धर्म होऊन बसतो. मग ज्याला गाडीची सर्वाधिक गरज, तोच स्थानकापासून सर्वांत दूर फेकला जातो. आणि स्थानकालगतच्या सदनिकांत मोटारीवाल्यांचा वास होतो.

या जमिनीची पहिली किंमत तर शेतकऱ्यांनीच मोजली आहे. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा झाला. आणि विरोधाभास असा, की नियोजनाने विसरलेल्या घरकामगार, रिक्षाचालक व बांधकाम मजूर यांना आसरा दिला तो प्रामुख्याने याच गावठाणांतील भाड्याच्या खोल्यांनी. ही घरे 'अनधिकृत' ठरवण्यापूर्वी, अधिकृत नगराने त्या माणसांसाठी काय बांधले, याचा हिशेब द्यावा लागेल.

आज सिडको बामणडोंगरी, खारकोपर, तळोजा येथे स्थानकांजवळ घरे बांधत आहे, हे स्वागतार्ह आहे. तथापि बामणडोंगरीच्या दुर्बल घटकांसाठीच्या घरांची किंमतच त्या घटकांच्या आवाक्याबाहेर गेल्याची ओरड होऊन २०२३ साली ती काही लाखांनी उतरवावी लागली, हे विसरता येत नाही.

मागणी अवास्तव नाही. घराचा ताबा देण्यापूर्वी पालिकेची शाळा, दवाखाना आणि स्थानकाला जोडणारी बस सुरू झालेली असावी. विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी स्थानकाच्या पायी अंतरात भाड्याची सार्वजनिक घरे राखून ठेवावीत. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याप्रमाणे प्रारंभीच जागा आखून द्यावी. वस्ती गजबजली की त्यांना हुसकावायचे, हा शिरस्ता बंद व्हावा. वस्ती हळूहळूच नांदू लागते, हे खरे. पण तो काळ कोणी सोसायचा, हा प्रश्न निसर्गनियमाचा नाही, धोरणाचा आहे. आजवर तो पहाटेच्या गाडीने कामाला जाणाऱ्यांनीच सोसला आहे.