हमी कोणाला?

अंजनवेलच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या एन्रॉनने वीज प्रकल्प मांडला. वीज मंडळाने बिले थकविली तर आम्ही भरू, अशी हमी १९९४ साली राज्य शासनाने दिली. केंद्राने त्यावर प्रतिहमी दिली. तिकडचे भांडवल इकडे आले, त्याला एवढे संरक्षण. इकडची माणसे तिकडे गेली, त्यांच्या लेकरांना कोणते?

एच-१बी व्हिसावरील मराठी आईबाप अमेरिकेत आयकर भरतात. मुले तिथल्याच शाळांत वाढतात. परंतु महाविद्यालयासाठी १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याखालील मदत वा कर्ज मागता उत्तर मिळते : तुमचे वास्तव्य तात्पुरते! एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून ग्रीन कार्डाची रांग सरत नाही. २१ व्या वर्षी मुलांचा आश्रित व्हिसाही संपतो. जिथे अवघे बालपण सरले, ते वास्तव्य तात्पुरते कसे?

विद्यार्थी कर्जावरील अशीच सरसकट बंदी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली टायगेरी खटल्यात भेदभावाची ठरविली. आमचे म्हणणे तेवढेच : पारपत्रावरील शिक्का पाहू नका, शाळेतील वर्षे मोजा. आणि परक्या भांडवलासाठी ज्यांनी हमी लिहून दिली, त्या आपल्या सरकारांनी या मुलांसाठी निदान शब्द तरी टाकावा.