रस्ता रिकामा आहे, हे ठरवायचे कसे?

गावाकडचा रस्ता महामार्गाला मिळतो त्या फाट्यावर ‘थांबा’ची लाल अष्टकोनी पाटी असेल, तर तिथे गाडी पूर्ण थांबवायची की नुसता वेग कमी करून निघायचे? नगर-मनमाड रस्त्यावर काय किंवा नेवाशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काय, बहुतेकांनी याचे उत्तर कधीच देऊन टाकले आहे. ब्रेकला पाय लावायचा, गाडी दुसऱ्या गिअरवर टाकायची, उजवीकडे-डावीकडे नजर फिरवायची आणि वळायचे. ‘कोणीच नव्हते, मग थांबायचे कशाला?’ हा त्यामागचा युक्तिवाद. वरवर तो बिनतोड वाटतो, पण त्यात एक मूलभूत चूक आहे. रस्ता रिकामा आहे हे आपण आधीच गृहीत धरतो. ते खरे आहे की नाही हे कळण्यासाठीच तर थांबायचे असते.

आकडे मांडून पाहू. ताशी 15 किलोमीटर म्हणजे अगदी सावकाश, असे आपल्याला वाटते. तरीही त्या वेगात गाडी सेकंदाला चार मीटरहून अधिक पुढे सरकते. दोन्ही बाजूंना नीट पाहायला दोन सेकंद धरले, तर तेवढ्यात आपण आठ मीटर पुढे, म्हणजे महामार्गाच्या डांबरावर आलेलो असतो. त्याच दोन सेकंदांत ताशी 80 च्या वेगाने येणारी मोटारसायकल 44 मीटर जवळ येते. त्यात मोटारीच्या समोरच्या काचेला धरून ठेवणारा खांब आडवा येतो. त्याच्या आड एक अख्खा दुचाकीस्वार लपू शकतो. दोन्ही वाहने एकसारख्या वेगाने चौकाकडे येत असतील, तर तो दुचाकीस्वार चालकाच्या नजरेत त्याच कोनात, त्याच खांबामागे राहतो आणि दिसतो तो धडकेच्या क्षणी. गाडी थांबली की हा कोन मोडतो आणि लपलेली दुचाकी खांबाआडून बाहेर येते. ‘मी पाहिले होते, पण तो दिसलाच नाही’ असे सांगणारा चालक बऱ्याचदा खोटे बोलत नसतो. त्याने चालत्या गाडीतून पाहिलेले असते, एवढेच.

आपल्या जिल्ह्यात याला उसाची जोड आहे. प्रवरा-मुळेच्या लाभक्षेत्रात फाट्याच्या अगदी कोपऱ्यापर्यंत दहा-बारा फूट उंच ऊस उभा असतो. मार्चमध्ये तोडणी झाल्यावर ज्या फाट्यावरून लांबवरचे दिसते, तोच फाटा सप्टेंबरात आंधळा होतो. पाटी तीच, चालक तोच, पण मार्चमधला अंदाज सप्टेंबरात कामाला येत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. त्यांतल्या कित्येकांच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. ‘दिवे दिसले नाहीत म्हणजे कोणी नाही’ हा हिशेब तिथे जिवावर बेततो.

कायद्याने ही बाब संदिग्ध ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने ‘थांबा’ची पाटी न पाळणे हे लाल सिग्नल तोडण्याच्या बरोबरीने कलम 184 खाली, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, घातले. त्याच कायद्याचे कलम 131 तर आणखी पुढे जाते. रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकावर गाडी थांबवावी आणि वाहक किंवा मदतनीस नसेल, तर चालकाने स्वतः खाली उतरून गाडी येत नाही याची खात्री करावी, असे ते सांगते. हे न पाळल्याची किंमत देशाने मोजली आहे. 24 जुलै 2014 रोजी तेलंगणातल्या मासाईपेठेच्या फाटकावर नांदेडहून येणाऱ्या पॅसेंजरने शाळेची बस उडवली आणि त्यात लहान मुले गेली. पुढे 2019 च्या सुरुवातीपर्यंत रेल्वेने ब्रॉडगेजवरची रखवालदाराविना असलेली फाटके संपवली. कुठे भुयारी मार्ग काढले, कुठे माणूस नेमला. रस्त्यांच्या प्रत्येक फाट्यावर हे करता येणार नाही. तिथले फाटक म्हणजे चालकाचा ब्रेकवरचा पाय.

यावर आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. रात्री निर्जन फाट्यावर थांबायला लूटमारीची भीती वाटते, असे म्हणतात. पण पूर्ण थांबणे म्हणजे दोन-तीन सेकंद. काचा वर, दारे बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये; यात धोका वाढत नाही. भरलेला ट्रॅक्टर चढावर थांबवून पुन्हा उचलणे अवघड जाते, हे खरे. पण थांबायला सर्वांत जास्त अंतर लागते तेही त्याच वाहनाला, म्हणून चुकीच्या अंदाजाची शिक्षाही तिथेच मोठी. ‘रोजचा रस्ता आहे, मला कळते’ हा आक्षेप सर्वांत जोरकस, आणि सर्वांत फसवाही. सवय पायाला लागते. रिकाम्या फाट्यावर शंभरदा न थांबलेला पाय, समोर कोणी असते त्या दिवशी आपोआप थांबत नाही.

एक आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा: सरसकट पाट्या लावल्या की त्यांचा मान जातो. ब्रिटनमध्ये ‘थांबा’ची पाटी मोजक्याच ठिकाणी, मुख्यतः दृष्टी अडते तिथे दिसते, बाकी ठिकाणी ‘रस्ता द्या’ एवढेच सांगतात. आपणही तसेच करावे. जिथे दोन्हीकडचे स्वच्छ दिसते तिथे ‘रस्ता द्या’ पुरे. जिथे ऊस, भिंत किंवा वळण आडवे येते तिथे ‘थांबा’ असावे, आणि ते वाचता येईल असे असावे; वाढदिवसाच्या फ्लेक्समागे दडलेले किंवा रंग उडालेले नको. रस्त्यावर ठळक पांढरी रेषा हवी आणि कोपऱ्यावरचा काही मीटर ऊस मोकळा ठेवण्याबाबत शेतकऱ्याशी बोलणे व्हावे. गाळप सुरू होण्याआधी सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महामार्ग प्राधिकरण आणि साखर कारखान्यांनी मिळून एवढे केले, तरी पुष्कळ होईल.

पण पाट्या सुधारेपर्यंत न थांबण्याची मुभा यातून कोणी घेऊ नये. देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 15 हजारांहून अधिक महाराष्ट्रातली. ही सगळीच फाट्यावर गेली नाहीत, पण फाट्यावर जाणारा जीव वाचवायला नवा निधी, नवे यंत्र लागत नाही. चाके पूर्ण थांबवून दोन्हीकडे पाहायला जे दोन-तीन सेकंद लागतात, तेवढे आपण महामार्गावरून येणाऱ्या अनोळखी माणसाचे देणे लागतो.