पेरणी मोजता, उभे पीक कोण मोजणार?



कपाशीची टोबणी केली की आठव्या-दहाव्या दिवशी आपण तासातासाने फिरतो. कुठे बी उगवले नाही, कुठे रोप वाणीने खाल्ले ते पाहतो आणि लगोलग नांग्या भरतो. हे काम दहा दिवसांत झाले तर झाले. महिन्याने लावलेले रोप शेजारच्या झाडाखाली दबते आणि त्याला बोंड धरत नाही. पाकिटात बी किती होते यावरून उत्पन्नाचा अंदाज कोणी करीत नाही. अंदाज होतो तो उभ्या झाडांवरून.

आपल्या महाविद्यालयांचा हिशेब मात्र पाकिटातल्या बियांवर चालतो. जून-जुलैत चौकाचौकात फलक लागतात. प्राध्यापक मंडळी मोटारसायकलवरून गावोगाव फिरतात, कारण पट भरला नाही तर तुकडी जाते आणि तुकडी गेली तर नोकरी अडचणीत येते. साठ जागा, साठ प्रवेश, संस्थाचालक खूश. पण त्या साठांपैकी दुसऱ्या वर्षाला किती बसले? पदवी घेऊन बाहेर किती पडले? हा आकडा महाविद्यालयाच्या फलकावर लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशातील १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील पटनोंदणी २८.४ टक्के होती, महाराष्ट्रात ३५.३ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. चांगली गोष्ट आहे. पण हे सगळे पटावरचे आकडे आहेत. पेरा वाढवण्याचे उद्दिष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, नांग्या भरण्याचे कोणाच्याच कागदावर नाही.

पोर कधी गळते?

'आमच्या पोरांना शिक्षणाची गोडी नाही' असे पुष्कळ शहाणी माणसे म्हणतात. मी कृषी पदवीधर आहे. पीक वाळले की आधी मुळे उपटून पाहायची असे मला शिकवले. तेव्हा या प्रश्नाची मुळेही उपटून पाहू.

प्रवेश शुल्क भरायचे जून ते ऑगस्टमध्ये. याच महिन्यांत बी-बियाणे, खत, डवरणी, निंदणी यांना पैसा लागतो. शेतकऱ्याच्या घरात वर्षातला सगळ्यात कडकीचा काळ तो हाच. कसेबसे हातउसने करून बाप शुल्क भरतो. परीक्षेचे अर्ज येतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा सोयाबीन शेतात उभे असते. सत्र परीक्षा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा सोंगणी आणि मळणी चालू असते, मजूर मिळत नाही आणि घरून निरोप येतो, 'चार दिवस ये.' चार दिवसांचे पंधरा होतात. मग हजेरी कमी भरते, दोन विषय राहतात, मेसचे पैसे थकतात. दिवाळीला घरी गेलेले पोर परत येत नाही.

ते पोर मनाने हरलेले नसते. महाविद्यालयाचे वेळापत्रक पगारदाराच्या पहिल्या तारखेवर बेतलेले आहे आणि आपली कमाई हंगामावर, ही खरी अडचण आहे. दोन दिनदर्शिकांच्या सांध्यात आपले पोर सापडते.

त्यात भावाचा हिशेब मिळवा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बऱ्याच बाजारांत भाव मिळाला चार हजारांच्या आसपास. क्विंटलमागे साधारण आठशे रुपये गेले. पंधरा क्विंटल विकणाऱ्या घराचे बारा हजार बुडाले. मेस महिना तीन हजार धरली, तर हे एका मुलाचे चार महिन्यांचे जेवण आहे. शिक्षण हा शेतीमालाच्या भावापासून वेगळा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे गणित सोडवून दाखवावे.

सवलती आहेत, पण

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे.

पण शुल्क माफ झाले म्हणून पोट माफ होत नाही. खोलीभाडे, मेस, पुस्तके, प्रवास हे दर महिन्याला रोख लागते. शिष्यवृत्तीचा हप्ता महाडीबीटीवरून कधी परीक्षेनंतर, कधी वर्ष उलटून गेल्यावर जमा होतो. पीक जळाल्यावर कालव्याला पाणी सोडण्याचा हा प्रकार आहे. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. पुढे कॉलेजात गेली की सवलतीचा का होईना, पैसे देऊन पास काढावा लागतो. आणि संध्याकाळची गाडी रद्द झाली, की बाप पासाचाही विचार करीत नाही, पोरीला सरळ घरी बसवतो. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन् महिने चालला, तेव्हा हे आपण घरोघरी पाहिले.

नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला अटी पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका अशी सोय आहे. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात, म्हणजे परत येता येते. ज्यांची मुले मध्येच थांबली आहेत त्यांनी याची चौकशी जरूर करावी. पण मेसच्या तीन हजारांपायी बाहेर पडलेल्या पोराला 'तू पर्याय निवडलास' असे कोणी सांगू नये.

जुन्यांना हे कळले होते

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग उघडले. बोर्डिंगच्या मुलांना उपाशी झोपावे लागू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. फळा आणि खडू असून भागत नाही, खेड्यातले पोर टिकते ते दोन वेळच्या ताटावर, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 'कमवा आणि शिका' ही कल्पना त्यातूनच रुजली. आज त्यांच्या तसबिरी प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात आहेत. खाली थकबाकीदारांची यादी डकवलेली असते.

अशाच एका यादीत माझ्या खोलीतल्या सोबत्याचे नाव होते. साल २०००. दोन महिन्यांची मेस थकली होती. घरचा कापूस विकला होता, पण चुकारा हातात आला नव्हता. दिवाळीला गेला तो आलाच नाही. महाविद्यालयातून कोणी दोन ओळींचे पत्र टाकले नाही. त्याची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, कारण मधल्या वर्षात कोण येणार? आणि खरे सांगायचे तर मीही काही केले नाही. आम्ही खोलीत चौघे होतो. प्रत्येकी थोडे काढले असते तर भागले असते. त्याची गादी दीड महिना तशीच गुंडाळून पडली होती आणि आम्ही तिच्यावर पुस्तके ठेवत होतो. वर्गात तो माझ्या पुढे असायचा.

मग मागायचे काय?

संस्थाचालक म्हणतील, शुल्काशिवाय संस्था चालवायची कशी? त्यांच्याच भाषेत हिशेब करू. समजा शुल्क दहा हजार आणि साठांपैकी वीस मुले पहिल्या वर्षानंतर गेली. पुढच्या दोन वर्षांचे चार लाख बुडाले. त्याच वीस मुलांची एकेक महिन्याची मेस उचल म्हणून दिली असती तर लागले असते साठ हजार, आणि तेही माल विकल्यावर परत आले असते. नवे गिऱ्हाईक शोधत फिरण्यापेक्षा आलेले पोर टिकवणे स्वस्त आहे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत चार मागण्या मांडू या.

एक, प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेश किती, दुसऱ्या वर्षात किती आणि पदवी किती हे तीन आकडे दरवर्षी दर्शनी फलकावर लिहावेत.

दोन, शेतकरी आणि मजुरांच्या मुलांसाठी शुल्काचे हप्ते माल विकल्यानंतरच्या महिन्यांत ठेवावेत. सवलतीस पात्र मुलांकडून ती रक्कम प्रवेशावेळी घेऊ नये. शासनाने तसे वारंवार बजावले आहे, अंमल करून घेणे आपल्या हातात आहे.

तीन, पैसे थकले म्हणून कोणाचे ताट बंद होऊ नये. त्यासाठी संस्थेने आणि गावाने मिळून फिरता निधी ठेवावा.

चार, वीस मुलांमागे एक प्राध्यापक जबाबदार असावा. सलग दहा दिवस मूल दिसले नाही, तर त्याने घरी फोन करावा. मे महिन्यात प्रवेशासाठी जी मोटारसायकल आपल्या दारी येते, ती डिसेंबरातही यावी.

आणि एक मागणी आपली आपल्याकडे. परीक्षेच्या आठवड्यात पोराला सोंगणीला बोलावू नका. पैशाची ओढ लागली की आधी मुलीचे शिक्षण तोडायचे, ही रीत बंद करा. मालाला भाव नाही म्हणून सरकारशी भांडू, पण त्या भांडणाची किंमत पोरीने भरायची नाही.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणावी. गेल्या तीन वर्षांत गावातून महाविद्यालयात किती गेले, आज किती शिकताहेत आणि जे थांबले ते कोणत्या महिन्यात थांबले, एवढेच लिहा. कारण विचारायची गरज पडणार नाही. महिना वाचला की आपल्यापैकी प्रत्येकाला कारण कळेल.