वाघिणींचे पुस्तक छापावे का?

रेल्वेवेड्यांच्या कपाटात इंजिनांची पुस्तके भरपूर असतात. ह्यू ह्यूज यांनी तर भारतीय इंजिनांची जंत्री चार भागांत करून ठेवली आहे. त्याच इंजिनामागून येणाऱ्या वाघिणींसाठी, म्हणजे मालडब्यांसाठी, त्या तोलाचे नाव चटकन ओठांवर येत नाही. तेव्हा असे पुस्तक कोणी काढावे, ही मागणी रास्तच वाटते. तरीही तिच्याविरुद्धचे म्हणणे आधी नीट ऐकून घ्यायला हवे, कारण त्यात दम आहे.

बॉक्सएन ही उघडी वाघीण घ्या. कोळशाच्या रेकमध्ये आजवर ती शेकड्यांनी दिसत आली. चार आस, प्रत्येकावर 20.32 टन, म्हणजे भरलेली वाघीण 81.28 टनांची. तिचे स्वतःचे वजन साधारण साडेबावीस टन, ते वजा जाता माल उरतो 58.8 टन. छापायला किती सोपे! पण 2005च्या सुमारास रेल्वेने त्याच वाघिणीत मार्ग पाहून, माल पाहून जादा टन भरायला परवानगी दिली. वाघीण तीच राहिली आणि छापलेला आकडा मात्र शिळा झाला. पुढे 22.9 टन आसभाराची, स्टेनलेस पोलादाची बॉक्सएनएचएल आली. ती हलकी असूनही सुमारे 71 टन माल नेते. एका परिपत्रकाने कोष्टक बदलत असेल, तर जाड पुठ्ठ्याच्या बांधणीवर पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न वाजवी आहे.

शिवाय तांत्रिक माहितीचा दुष्काळ आहे असेही नाही. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेची रेखाचित्रे आहेत, मालडब्यांच्या तपासणीसाठी आयआरसीए या रेल्वे परिषदेच्या नियमांचा तिसरा भाग आहे, ग्वाल्हेरच्या कॅमटेकच्या देखभालपुस्तिका आहेत. वाघिणीच्या अंगावर रंगवलेला अकरा अंकी क्रमांक तर स्वतःच बोलका असतो. पहिले दोन अंक जात सांगतात: 10 ते 29 म्हणजे उघडी, 40 ते 54 म्हणजे टाकीची. पुढचे दोन मालक रेल्वे सांगतात, मध्य रेल्वे 01, पश्चिम रेल्वे 08. त्यानंतर बांधणीचे वर्ष, मग अनुक्रम, आणि शेवटी पडताळणीचा एक अंक. फाटकाशी उभ्या असलेल्या जाणत्याला एवढ्यावरून बरेच कळते.

पण हे सगळे साहित्य वाघीण चालू ठेवणाऱ्यांसाठी आहे. टीएक्सआरला, म्हणजे गाडी तपासणाऱ्याला, समोरच्या वाघिणीचा ब्रेक आणि बेअरिंग बघायचे असते; व्हॅक्यूम ब्रेकच्या चारचाकी सीआरटी या जुन्या बंद वाघिणीशी त्याला आता देणेघेणे नाही. म्हणून वाघीण मोडीत निघाली की तिचे पान देखभालपुस्तिकेतूनही गळते. आणि रेखाचित्र दाखवते ती कारखान्यातून निघालेली वाघीण. सिक लाइनवर, म्हणजे दुरुस्तीच्या रुळांवर, तिच्या पत्र्याला ठिगळ बसले, दार डाग देऊन कायमचे बंद झाले, टेअरचा, म्हणजे रिकाम्या वजनाचा, आकडा पुसून नवा रंगवला, पीओएचची (ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख बदलली, हे त्यात कुठून येणार? ते फक्त तारीखवार छायाचित्रांत सापडते. मॉडेल बनवणाऱ्याला तर नेमके तेच हवे असते.

ब्रिटनमध्ये वाघिणींवर कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. एकट्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मालडब्यांचा इतिहासच अनेकदा छापला गेला, खासगी कोळसेवाल्यांच्या वाघिणींवर वेगळे ग्रंथ निघाले. तिथे मॉडेलवाल्यांचा बाजार मोठा, म्हणून हे परवडते. आपल्याकडे तेवढे गिऱ्हाईक नाही हे कबूल करावे लागते, आणि त्यांच्या धर्तीवर दहा खंडांचा घाट घालणारा प्रकाशक दिवाळे काढून बसेल.

आमचा कल म्हणून मधल्या वाटेकडे आहे, पण ती अर्ध्यावर कापलेली नको. धावत्या वाघिणींचे भारक्षमतेचे तक्ते पडद्यावरच राहू द्यावेत. तिथे चूक सापडली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. छापील पुस्तक काढावे ते गेलेल्या वाघिणींचे. सुरुवात घरातूनच करता येईल. अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये अडीच फुटी रुळांवर सुरू झाली, आणि प्रत्येक आसावर पाच टनांचीच मर्यादा ठेवून लीड्स फोर्जच्या दाबीव पोलादी सांगाड्यांवर बोगीच्या वाघिणी तिथे धावल्या. अरुंद रुळांवर भरपूर माल कसा न्यावा याचा तो त्या काळातला धीट प्रयोग होता. मार्ग ब्रॉडगेज झाला आणि त्या वाघिणी तिथून गेल्या. त्यांची मापे आता बदलणार नाहीत, म्हणजे शिळे होण्याचा आक्षेप इथे आपोआप गळतो.

राहिला प्रश्न भाषेचा. मजकूर मराठीत असावा. सांकेतिक नावे आहेत तशी देवनागरीत लिहिली तरी कोणाचे अडत नाही. खरी निकड वेगळी आहे. भुसावळ, कुर्डुवाडी, दौंड इथल्या निवृत्त कर्मचाऱ्यांकडे जुन्या वह्या आणि फोटो असतील, तर ते आता मिळवायला हवेत. प्रकाशक नंतर शोधता येईल. प्रत्येक फोटोमागे जागा, वर्ष आणि वाघिणीचा क्रमांक पेन्सिलीने लिहून घेण्याचे काम मात्र आजच सुरू करता येते, आणि त्याला कोणाच्या अनुदानाची वाट बघावी लागत नाही.